तीन टोले

पहिल्या पाळीवरून सुटलेल्या माणसाला जी गुंगी असते ती झोप नसते आणि जागही नसते. पहाटे पाचला उठायचं, रहाटणीच्या चौकात कंपनीची बस पकडायची, चाकणच्या प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्याचे सुटे भाग गेजवर तपासायचे आणि दुपारी साडेतीनला बाहेर पडायचं. तेव्हा रस्त्यावरचे कंटेनरसुद्धा मला पाण्याखालून चालल्यासारखे दिसायचे. त्या गुंगीतच मी ते तळं पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळे असेल, पण ते तळं मला आजही पुरतं खरं वाटत नाही.

तळं म्हणजे एका शेतकऱ्याचं शेततळं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, भोवती तारेचं कुंपण, एका अंगाला गोडाऊनची निळी भिंत आणि दुसऱ्या अंगाला कसाबसा टिकून राहिलेला कांद्याचा तुकडा. आमच्या कंपनीतले काही जण आणि जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, अशा सगळ्यांनी मिळून तिथे महाशीर वाढवायला घेतले होते. महाशीर हा इंद्रायणीचा मूळचा मासा. मोठमोठ्या सोनेरी खवल्यांचा, वाहत्या पाण्यात राहणारा. नदीत मैला आणि फेस वाढला, बाहेरून आलेली चिलापी मासळी माजली आणि हा मासा दिसेनासा झाला. सरांचा बेत सोपा होता. लांबच्या एका मत्स्यबीज केंद्रातून नखाएवढी पिल्लं आणायची, तळ्यात बोटाएवढी करायची आणि आळंदीच्या बऱ्याच वर, जिथे नदी अजून नदीसारखी दिसते, तिथल्या एका डोहात सोडायची. बोटाएवढ्या पिल्लांना बोटुकल्या म्हणतात. हा शब्द ऐकला आणि मी फसले. एरवी असल्या समाजसेवेच्या भानगडीत पडणारी बाई मी नव्हे.

मी लातूरकडची. आमच्या गावाला नदी होती, पण ती वाळूची होती. उन्हाळ्यात तिच्यात खड्डा खणायचा, तळाशी पाणी पाझरेपर्यंत काठावर बसून राहायचं आणि मग वाटीवाटीनं घागर भरायची. नदी म्हणजे जिच्यात बसून वाट पाहायची ती जागा, अशीच माझी लहानपणची समजूत. मासा मी पाहिला तो आठवडी बाजारात, वाळलेला. म्हणून त्या काळ्या तळ्यात जेव्हा शेकडो पिल्लं एकदम वळली आणि पाण्यातून एक बारीक लकाकी सरकत गेली, तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. सर हसले. मी त्यांच्यावर डाफरले. माझं डोकं लवकर तापतं, हे इथेच सांगून टाकते.

आता टोल्यांचं. आमच्या प्रेस शॉपमध्ये मशिनचा आवाज इतका, की चहाच्या सुट्टीचा भोंगा कुणाला ऐकू जात नाही. म्हणून फार वर्षांपासूनची पद्धत अशी, की भोंगा झाला की दाराजवळच्या टेबलावरची बाई रॅकच्या लोखंडी पाइपावर पान्यानं तीन टोले देते. पाइप भिंतीभर फिरलेला आहे, त्यामुळे टोले कानाला नाही, हाताला कळतात. दाराजवळचं टेबल माझं. चहाला लोकांना मी उठवते, हा माझा मान आहे, आणि तो मी कुणाला देत नाही.

तळ्यावर हवा सोडायच्या यंत्राचा पाइप पाण्यात उतरलेला होता. त्याचा नट सारखा ढिला व्हायचा, म्हणून सोळा-सतराचा पाना माझ्या पिशवीत असायचाच. एका दुपारी कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड कालवून मी काठावर आले आणि सवयीनं त्या पाइपावर तीन टोले दिले. कुणी आलं नाही. कसं येणार? पण दुसऱ्या दिवशीही दिले. तिसऱ्या दिवशीही. दहा-बारा दिवसांनी टोले पडले आणि तळ्याच्या चारी कोपऱ्यांतून पिल्लं निघाली. माझ्या सावलीत येऊन थांबली, तोंडं वर करून. माझ्या हातातली पेंड तशीच राहिली. नवरा मला चिडवतो, की लग्नात माझ्याकडे बघून इतकी खूश झाली नव्हतीस. खरंच झाले नव्हते.

मग ते रोजचंच झालं. माझी पहिली पाळी असेल तेव्हा मी, नसेल तेव्हा दुसरं कुणीतरी, पण टोले तीनच आणि वेळ चारचीच. कंपनीतली माणसं आम्ही, आम्हाला वेळ पाळता येते. पाहुणे आले की सर मला हाक मारत, "ताई, जरा दाखवा." मी पाना काढायची. पाण्यात ढग उठायचा. लोक व्हिडिओ काढायचे. त्या दुपारी आठवल्या की अजून अंगावर ऊन येतं. गोडाऊनच्या भिंतीचा निळा रंग पाण्यात उतरलेला असायचा, त्या निळ्यात सोनं हलायचं, आणि डोळ्यांवर झोप. कितीदा मी काठावर बसल्या बसल्या पेंगायची आणि पेंगेत वाटायचं, की आपण गावाकडच्या नदीतल्या खड्ड्याशी बसलो आहोत आणि अखेर पाणी पाझरलंय.

आबांना हे आवडत नसे. आबा नदीकाठचे जुने भोई. नदीत मासा राहिला नाही तेव्हा त्यांनी जाळं खुंटीला टांगलं. त्यांना सरांनी शोधून आणलं होतं, कारण डोहाची खोली, पाण्याची ओढ, कुठल्या कपारीत मासा थारा धरतो, हे पुस्तकात नव्हतं. ते बाभळीखाली बसून माझ्याकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "पोरी, ह्ये काय लावलंयस?"

"जेवायला बोलावतेय."

"आन् नदीत कोन बोलावनार?"

"नदीत त्यांचं ते शोधतील की, आबा."

"मासं न्हाई केलेत तुमी, कामगार केलेत. भोंगा झाला का डबा."

मला राग आला. ज्या माणसानं जन्मभर मासे मारून खाल्ले त्यानं मला माशांवर माया कशी करायची ते शिकवावं? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी तोंडावर म्हणाले नाही, पण मनात म्हणाले. ते हसून परत बाभळीला टेकले.

पुढच्या पावसाळ्यानंतर, नदीचं गढूळ पाणी निवळल्यावर, आम्ही बोटुकल्या सोडल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि प्राणवायू भरून त्या डोहापर्यंत नेल्या. पिशवी लगेच फोडायची नसते. नदीच्या पाण्यावर तशीच तरंगत ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढं गार झालं की मग तोंड सोडायचं. तो अर्धा तास आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात, हातात पिशव्या धरून उभे होतो. मग त्या गेल्या. माझ्या पायांवरून गेल्या. मी सगळ्यांदेखत रडले आणि सरांनी चष्मा पुसला.

दोन आठवड्यांनी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी होती. मी एकटीच बसनं आणि पुढे रिक्षानं डोहावर गेले. लांबूनच धप धप आवाज येत होता. एक बाई खडकावर धुणं धोपटत होती, आणि तिच्या समोर, गुडघाभर पाण्यात, माझ्या बोटुकल्या होत्या. तोंडं वर करून. देवाशपथ, पहिल्यांदा मला आनंदच झाला. जिवंत आहेत, वाढल्या आहेत, ओळख विसरल्या नाहीत. मी पळतच निघाले.

"ओ ताई, जरा हळू," पाण्यात उभा असलेला एक माणूस म्हणाला. "बुजत्याल." त्याच्या आणि दुसऱ्या एकाच्या हातात मच्छरदाणी ताणून धरलेली होती. खडकावर बादली होती. बादलीत मी बघितलं.

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. "नदी काय तुमच्या नावावर हाय का?" तो म्हणाला. "आन् आमी कुटं बोलिवलं त्यांना? ती आपल्या पायानं आली."

धुणं धुणारी बाई मला समजावायला लागली. "आठ दिस झालं बगा ताई, मी धोपटाय लागले का येत्यात. आमच्या सासूबाईंच्या जलमात असं झालं न्हाई. पुन्याई म्हनायची, दुसरं काय?" ती खरंच भारावलेली होती. तिच्या हातातलं धोपाटणं माझ्या पिशवीतल्या पान्याचंच काम करत होतं. त्यांना कुणी बोलावलं होतं ते मला एकटीला माहीत होतं.

ग्रुपमध्ये सगळे पेटून उठले. सरांनी मासेमारीस मनाई असल्याचे फलक रंगवून घेतले आणि डोहावर लावले. बैल गेला आणि झोपा केला. डोहात आता काहीच दिसत नव्हतं, तळातल्या कपारीत चार-दोन उरल्या असतील तर असतील. मी गप्प राहिले. गेजवर एक भाग चुकीचा गेला तर अख्खी लाइन थांबवणारी मी, आठ दिवस गप्प राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यातच तळ्याच्या मालकानं सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर तळं बुजवून तिथेही गोडाऊन उठणार. त्यांचंही बरोबर होतं, आतापर्यंत त्यांनी फुकट दिलं हेच पुष्कळ. म्हणजे नवी पिल्लं आणायची ती एकदाच. ही खेप गेली की संपलं, दुसरं तळं आमच्याकडे नव्हतं. तेव्हा कुठे मी आबांकडे गेले. त्यांच्या अंगणात ते जाळ्याची फाटकी जागा विणत बसले होते, सवयीनं. मी सगळं सांगितलं. टोले, धोपाटणं, बादली. म्हटलं, शिव्या द्या.

"शिव्या कशाला," ते म्हणाले. "मला म्हाईत हुतं. तुला म्हाईत व्हायचं हुतं."

"आता काय करायचं?"

"आता उलटं करायचं. टोलं तेच, पन डबा न्हाई. टोला पडला का जाळं. भ्या घालायचं."

"कोण घालणार?"

त्यांनी वर बघितलं. "ज्यानं सवय लावली, त्यानंच मोडायची."

मी सरांना आणि बाकीच्यांना बसवून सगळं कबूल केलं. मग एक जण म्हणाला, "व्हिडिओ तर आपण सगळ्यांनीच काढले, राव." त्या पोराचं मी अजून भलं चिंतते.

नवी पिल्लं आली. या वेळी तळ्याभोवती हिरवी जाळी लावली. कोंडा-पेंड लांब पाइपातून, जाळीआडून, रोज वेगळ्या वेळी सोडायची, म्हणजे अन्न कुठून आणि कधी येतं ते माशांना कळू नये. ते काम बाकीच्यांचं. मला आत जायला मिळायचं ते फक्त गुरुवारी. मी जाळीतून आत शिरायची, काठावर उभी राहायची, पाइपावर पान्यानं तीन टोले द्यायची, आणि लगेच आबा आणि मी तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं ओढत न्यायचो. जाळ्यात सापडलेल्या पिल्लांना क्षणभर पाण्याबाहेर धरायचं आणि सोडायचं. तळहातावर ती थरथरायची.

पहिल्या गुरुवारी ती टोले ऐकून हललीच नाहीत. चौथ्या की पाचव्या गुरुवारी दचकली. थंडी सरता सरता असं झालं, की पाना पाइपाला लागायच्या आत, माझी सावली पाण्यावर पडली की तळं रिकामं. मी त्यांना वर्षभर पाहिलंच नाही, असं म्हटलं तरी चालेल. पाहिली ती पाठमोरी. स्वप्नात मात्र यायची. स्वप्नात मी प्रेस शॉपमध्ये टोले द्यायची आणि मशिनच्या मधल्या वाटेनं, जमिनीपासून वीतभर वर, ती पोहत यायची आणि माझ्या टेबलाशी थांबायची. जाग यायची ती हात उशीवर आपटून. नवरा म्हणायचा, "झाली का चहाची सुट्टी?"

एकदा आईला फोन केला. मी लग्नाआधी पहिल्यांदा नोकरीसाठी इकडे निघाले तेव्हा ती एसटी स्टँडवर आली होती, पण गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून निघून गेली होती. ते माझ्या मनात फार वर्षं सलत होतं. आता मला एकदम वाटलं, की आईनंही मला तोडायला म्हणूनच तसं केलं असेल, मी मागे वळून बघू नये म्हणून. मी तिला तसं विचारलं. आई म्हणाली, "ऊन किती होतं गं त्या दिवशी. डोकं उठलं होतं माझं." मी फोन ठेवला आणि खूप हसले. मग थोडी रडलेही. सगळ्यांनाच काही आबांसारखं कळत नसतं, आणि चालतंही त्याशिवाय.

पावसाळा गेला, पाणी निवळलं, आणि त्या बोटुकल्याही डोहात गेल्या. या वेळी पिशव्या धरायला मी पाण्यात उतरले नाही. मी उतरले असते तर त्या पिशवीतच बिथरल्या असत्या. काठावर, झाडामागे उभी राहिले. दिवाळी झाली. तळ्यात मुरूम पडला, त्यावर रोलर फिरला. निळ्या भिंतीच्या शेजारी दुसरी निळी भिंत उभी राहायला लागली. डोहावर जायचा मला धीर होत नव्हता. दर गुरुवारी काहीतरी काम काढायची. शेवटी माघातल्या एका गुरुवारी आबांनीच फोन केला. "पानी आरशावानी झालंय. यायचं आसंल तर ये. पाना घिऊन ये."

आम्ही वरच्या अंगानं, आडवाटेनं गेलो. आबांनी मला एका उंच खडकावर पालथं पडायला लावलं, सावली मागे पडेल अशा बेतानं. खालचं पाणी हिरवं आणि तळापर्यंत स्वच्छ होतं. बराच वेळ मला नुसते दगड दिसले. कोवळं ऊन पाठीवर, खडक पोटाला गार, आदल्या आठवड्याची पहिली पाळी अजून डोळ्यांत. मला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा दगडांतले काही दगड हलत होते. वितीएवढे झाले होते. प्रवाहाकडे तोंड करून एका रांगेत उभे, शेपट्या जेमतेम हलत होत्या. ऊन पडलं की अंगावरचं एकेक खवलं वेगळं दिसायचं. किती वेळ बघत होते सांगता येत नाही. मला त्या वेळी खरोखर दुसरं काहीही नको होतं.

खालच्या बाजूला कुणीतरी धुणं घेऊन येताना दिसलं. आबा हळूच म्हणाले, "वाजव."

"राहू द्या ना आबा. जरा वेळ."

"वाजव. तिचं धोपाटनं पडायच्या आत कळू दे आपल्याला."

शेजारी जुन्या पंपाचा गंजका पाइप डोहात उतरलेला होता. मी पाना काढला. हात उचलला तेव्हा अजून कुठेतरी वाटत होतं, की येतील. माझ्याकडे येतील, तोंडं वर करून. इतकी वाईट खोड असते मायेला. मी पहिला टोला दिला.

दुसरा द्यायची गरज पडली नाही. पाणी एकदा लखकन चमकलं आणि डोह रिकामा झाला. एकही मागे राहिला नाही, एकही वळला नाही. तरी मी दुसरा दिला, तिसराही दिला, पद्धत म्हणून. नुसतं हिरवं पाणी आणि तळाचे दगड. खाली त्या बाईनं धुणं धोपटायला सुरुवात केली. धप धप आवाज पाण्यावरून येत राहिला आणि तिच्या पुढ्यात काहीही आलं नाही.

आबा जागच्या जागी डुलायला लागले. "आता माज्या जाळ्यात बी न्हाई घावायची," ते म्हणाले. आपलीच हार सांगताना इतका खूश झालेला भोई मी पाहिला नव्हता.

मी खडकावरूनच नवऱ्याला फोन लावला. "अहो, पळाले! सगळेच्या सगळे पळाले!"

"अरे वा!" तो म्हणाला. "मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये," मी त्याच्यावर ओरडले, आणि रिकाम्या डोहाकडे बघत आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले.